गल्ल्यातले पैसे नक्की कोणाचे?

तर झालं असं, की मागच्या रविवारी एक जुना कॉलेजमित्र घरी आला. चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्याने स्वतःची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी काढली. प्रायव्हेट लिमिटेड, सगळे शेअर्स तो आणि बायको मिळून. धंदा बरा चाललाय, पण त्या दिवशी स्वारीचा चेहरा पडलेला होता. फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी त्याने कंपनीच्या खात्यातून ६ लाख रुपये उचलले होते आणि हिशेबात 'डायरेक्टरला दिलेलं कर्ज' अशी नोंद केली होती. सीए म्हणाला, "हे कर्ज नाही, हा डिव्हिडंड आहे. टॅक्स भरावा लागेल." ३० टक्क्यांचा स्लॅब आणि त्यावर ४ टक्के सेस धरून १,८७,२०० रुपये!

"अरे, पण कंपनी माझीच आहे ना? आणि पैसे मी परत भरणारच आहे," मित्र म्हणाला.

मी पडलो पगारदार. माझा टॅक्स पगार हातात पडायच्या आधीच कापला जातो, त्यामुळे असे प्रश्न मला कधी पडतच नाहीत. पण उत्सुकता स्वस्थ बसू देईना, म्हणून अख्खा शनिवार यात घातला. इतिहास भलताच रंजक निघाला. (मी सीए नाही, चू.भू.द्या.घ्या.)

मूळ मुद्दा साधा आहे. कायद्याच्या दृष्टीने कंपनी वेगळी व्यक्ती आणि मालक वेगळी व्यक्ती. कोपऱ्यावरचा किराणावाला गल्ल्यातून पाचशे काढून खिशात घालतो, तेव्हा पैसे त्याचेच असतात. कंपनीच्या गल्ल्यातून काढायचे तर त्या पैशाला काहीतरी नाव द्यावं लागतं. पगार म्हटलं तर तो कंपनीचा खर्च, टॅक्स फक्त घेणाऱ्यावर. डिव्हिडंड म्हटलं तर आधी नफ्यावर कंपनीने टॅक्स भरायचा आणि उरलेलं वाटायचं. आणि कर्ज म्हटलं तर? कर्ज हे उत्पन्नच नाही, मग टॅक्स कसला!

अर्थात मालक लोक हुशार असतात. इंग्रजांच्या काळात मोठ्या उत्पन्नावर सुपर टॅक्स होता. तो चुकवायला घरच्या कंपन्या नफा वाटायच्याच नाहीत, आतच ठेवायच्या. म्हणून १९३० साली कायद्यात दुरुस्ती झाली. टॅक्स चुकवण्यासाठी नफा अडवून ठेवला असेल, तर तो वाटलाच आहे असं धरून भागधारकांवर कर लावता येऊ लागला.

मग कर्जाची वाट उरली. ती बंद केली १९५५च्या वित्त कायद्याने, आणि तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख! पुढच्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देणारे सी. डी. म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण माझ्या मित्राच्या १,८७,२०० रुपयांचं मूळही त्यांच्याच कारकिर्दीत आहे. घरच्या कंपनीने भागधारकाला कर्ज दिलं, तर कंपनीत साठलेल्या नफ्याइतकं ते कर्ज डिव्हिडंडच मानायचं, असा तो नियम.

यावर कोर्टकचेरी झाली नसती तरच नवल. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, मग त्यावर आयकर कसा, असा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६४ साली सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या खंडपीठाने तरतूद वैध ठरवली. सूत्र ज्यांच्या हातात आहेत, तेच डिव्हिडंड द्यायचा की कर्ज हे ठरवतात, मग कायद्याने त्या नावाच्या आड बघायला हरकत नाही, असा एकूण विचार.

आणि "परत भरणारच आहे"चं काय? तेही उत्तर १९७७ सालचं तयार आहे. कर्ज त्याच वर्षात फेडलं तरी फरक पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. पैसे उचलले त्या क्षणी तो डिव्हिडंड!

मग सरळ पगारच का नाही घ्यायचा? तर १९७१ ते ७४ हा काळ बघा. अर्थमंत्री यशवंतराव चव्हाण. २ लाखांवरच्या उत्पन्नाला ८५ टक्के कर आणि त्या करावर १५ टक्के अधिभार, म्हणजे एकूण ९७.७५ टक्के. वरच्या १०० रुपयांतले हातात सव्वादोन रुपये! अशा वेळी पगार वाढवण्यापेक्षा कंपनीची गाडी आणि कंपनीचा बंगला बरा वाटणारच. पगार नातेवाइकांत वाटून टाकायला १९६८ सालीच अटकाव झाला होता. वाजवीपेक्षा जास्त दिलेली रक्कम खर्च म्हणून नामंजूर होऊ लागली. शेवटी १९७४ साली चव्हाणांनीच हा दर ७७ टक्क्यांवर आणला.

पुढे १९९७ साली चिदंबरम यांनी डिव्हिडंड घेणाऱ्याला टॅक्समधून मोकळं केलं आणि कंपनीवर १० टक्के वितरण कर बसवला. २००२-०३चं एक वर्ष सोडलं तर ही पद्धत २०२० पर्यंत चालली. सोपी होती, पण न्याय्य? करोडो रुपये घेणारा प्रमोटर आणि चार शेअर्स बाळगणारे पेन्शनर आजोबा, दोघांच्या डिव्हिडंडला कात्री सारखीच. २०१६ साली १० लाखांवरच्या डिव्हिडंडला वेगळा १० टक्के कर लागला आणि २०२० साली ती पद्धतच गेली. आता डिव्हिडंड ज्याच्या त्याच्या स्लॅबप्रमाणे.

मित्रासाठी गणित मांडलं. कंपनीचा नफा १०० रुपये. २०१९ साली आलेल्या सवलतीच्या दराने कंपनी २५.१७ भरते, उरतात ७४.८३. त्यावर मित्राचे ३१.२ टक्के गेले की हातात साधारण ५१.५० रुपये. तेच १०० रुपये पगार म्हणून घेतले तर हातात ६८.८०. अट एकच, काम खरं हवं आणि पगार कामाला साजेसा हवा. दिवसाचे चौदा तास राबणाऱ्या आमच्या मित्राला ती अडचण नाही!

१९५५चा तो नियम १९६१च्या कायद्यात गेला आणि तिथून १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही आला. सत्तर वर्षांत सरकारं बदलली, दर ९७.७५ वरून कुठल्या कुठे आले, पण "कंपनी माझीच ना?" याचं उत्तर बदललं नाही. शेअर्स तुझे, गल्ला कंपनीचा.

मित्राने सीएला फोन करून पुढच्या महिन्यापासून स्वतःचा पगार सुरू केलाय. सहा लाखांवरचा टॅक्स मात्र भरावा लागणारच. जाताना म्हणाला, "हे सगळं उचलायच्या आधी सांगायचंस ना!" आता मला तरी कुठे माहीत होतं? तुमच्यापैकी कोणी स्वतःची कंपनी काढायच्या बेतात असेल, तर पैसे काढायच्या आधी त्यांचं नाव ठरवा. असो, उद्या सोमवार...