गणेशपट्टीची साक्ष

अकोल्याच्या जुन्या शहरात राहणाऱ्या माणसाने शिलालेखांवर फार विसंबू नये. आमच्या असदगडाचंच घ्या. दहीहंडा वेशीवरचा लेख सांगतो की हे काम औरंगजेबाच्या अमदानीत, नवाब असदखानाच्या वेळी, १६९७ साली झालं. आणि अगरवेशीवरच्या मराठी लेखाची नोंद म्हणते, किल्ला गोविंद आप्पाजींनी १८४३ साली बांधला! बाकीचे सगळे लेख एकीकडे आणि हे गृहस्थ एकीकडे. डागडुजी केली असेल बिचाऱ्यांनी. पण डागडुजीची बिलं ज्याने भागवली आहेत त्यालाच कळेल, की शेवटी आपणच सगळं बांधलं असं वाटायला लागतं.

मला ते दिवाणखान्याच्या दारावरची गणेशपट्टी साफ करायला घेतल्यावर कळलं. ऑइलपेंटच्या पुटांखाली गणपतीची सोंड कुठे संपते आणि उंदीर कुठे सुरू होतो, याचा पत्ताच लागत नव्हता.

घर कापसाच्या पैशाचं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी पेटली, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वेही नागपूरला पोचली. त्या भरभराटीत आमच्या पूर्वजांनी सागवानावर हौसेने नक्षी करवली आणि पुढच्या पिढ्यांनी ती तितक्याच हौसेने बुजवली. अर्थात त्यांचंही अगदीच चुकलं नाही. आमच्या उन्हाळ्यात लाकूड तडकतं. तेलाच्या रंगाने ते जरा सांभाळलं जातं. आणि जुन्या रंगातलं तेल म्हणजे जवसाचं, आपल्या वऱ्हाडातलं पीक!

"भाऊ, मशीन फिरवतो ना बाप्पा," मिस्त्री म्हणाला, "सांजपावतर मोकळं करून देतो."

मी हो म्हणणार, तेवढ्यात पुण्याहून चिरंजीवांचा फोन. जुन्या रंगात शिसं असतं, कोरडं घासलं तर धूळ घरभर होते आणि लहान मुलांच्या मेंदूला ते विष आहे. नातू तीन वर्षांचा. सफेदा शिशाचा, शेंदूरही शिशाचाच. जुनं गुलाबी अस्तर या दोघांचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा आली तीच मुळी नोव्हेंबर २०१७ मध्ये. आमची पुटं त्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा मशीन परत गेलं. नाकाला फडकं, ओलं करून पत्र्याने खरवडणं, खाली पसरलेला कागद रोज गुंडाळून बाहेर. दिवसाला वीतभर काम! आमची ही म्हणाली, "या वेगाने नातवाच्या लग्नापर्यंत होईल."

लग्नाचीच गोष्ट निघाली. आमच्याकडे रंग लग्नालाच लागतो. वरचा चॉकलेटी माझ्या लग्नाचा, १९८९. त्याखाली आकाशी, धाकट्या काकांचा, १९७८. मग पिस्ता, थोरल्या काकांचा, १९६४. मग गुलाबी अस्तर आणि लाकूड. दोनदा मोजलं. आत्याचं लग्न १९७३ मधलं. "दुष्काळ असूनही आजोबांनी लेकीसाठी दिवाणखाना रंगवला," ही कथा घरातल्या प्रत्येक कार्यात सांगितली गेली आहे. आणि आकाशी नि पिस्ता यांच्यामध्ये काजळीच्या काळ्या रेघेशिवाय काही नाही!

आत्याला फोन लावला.

"रंग कुठला रे," ती म्हणाली. "पाऊस नव्हता. रंगाला ठेवलेले पैसे बैलांच्या कडब्याला गेले. मीच म्हटलं, तोरण मोठं बांधा, मागे कोण बघतं!"

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"बाबाच सांगायला लागले होते ना, रंगवलं म्हणून. चार माणसांत त्यांना खोटं पाडू?"

मला पुढे काही बोलता आलं नाही.

मिस्त्रीला सांगितलं, उजव्या कोपऱ्यात चार बोटं जागा खरवडू नको. पुटांच्या कडा उघड्या ठेव आणि वरून पारदर्शक व्हार्निश मार. "लोक म्हनतीन काम अर्धंच केलं," तो कुरकुरला; पण केलं.

पाडव्याला आत्या आली. चष्मा लावून, टाचा उंचावून तिने तो कोपरा पाहिला. काळी रेघ मी बोटाने दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली.

"सूनबाईला सांग," शेवटी म्हणाली, "तोरण जरा खाली बांध म्हणावं. झाकतंय."