क्लच सुटेपर्यंत : 54 तासांचा घटनाक्रम

22 जुलै 2021, पहाटे 4 (उरले 54 तास)

चिपळूण. वीज गेलेली, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. शिव नदीचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं, तेव्हा आम्ही गोदामातला माल माळ्यावर चढवत होतो. 26 जुलै 2005 च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती आणि त्या खुणेवर आमचा भरवसा होता. अंगणात आमचा टाटा 1613 ट्रक उभा होता. त्याची आठवण झाली तेव्हा चाकं अर्धी बुडाली होती. ड्रायव्हर किल्ली घेऊन पाण्यात उतरला, मी हाका मारून त्याला मागे घेतलं. माणूस वाचला. आणि चालू इंजिनाने पाणी ओढलं असतं तर ते तिथल्या तिथे मोडलं असतं. बंद इंजिन बुडालं, म्हणून ते वाचवता येण्यासारखं राहिलं.

सकाळी 8 (उरले 50 तास)

भिंतीवरची खूण पाण्याखाली गेली. वाशिष्ठी नदीला वरून सह्याद्रीचं पाणी आणि खालून दाभोळच्या खाडीची भरती. मधल्या गावाने जायचं कुठे? माळ्याच्या खिडकीतून केबिनचं छप्पर तेवढं दिसत होतं.

दुपारी 12 (उरले 46 तास)

वर घाटमाथ्यावर कोसळतच होतं. 23 तारखेच्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आम्हाला ते कळायला पुढे कित्येक दिवस लागले.

इंजिनात त्या वेळी काय चाललं होतं, हेही मला नंतरच समजलं. बंद इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह बंद नसतात. ते ज्या क्षणी थांबतं त्या क्षणी काही सिलिंडरचे इनटेक उघडे असतात, काहींचे एक्झॉस्ट. पाणी एअर क्लीनरमधून मॅनिफोल्डमध्ये उतरलं, सायलेन्सरमधूनही चढलं आणि जी दारं उघडी सापडली त्यातून आत गेलं. बाकीचे सिलिंडर जवळजवळ कोरडे राहिले. सहाही भरले असते तर गाडी हललीच नसती आणि आम्ही शहाणे झालो असतो.

23 जुलै, सकाळी 10 (उरले 24 तास)

पाणी उतरलं. अंगणात गुडघाभर चिखल, त्यात भिजलेली पोती, कपाटं, वह्या. ट्रक जागेवरच होता. बोनेटच्या खाचांत गवत अडकलेलं. गल्लीतल्या प्रत्येक घराला सडका माल बाहेर न्यायचा होता आणि गल्लीत ट्रक हा एकच. लोक येऊन विचारू लागले, "शेठ, गाडी कधी सुरू होईल?" माझी घाई तिथून सुरू झाली. तिला लोभाचं कारण नव्हतं, पण इंजिनाला कारणाशी देणंघेणं नसतं.

दुपारी 3 (उरले 19 तास)

फोन बंद, म्हणून चालत मिस्तरींकडे गेलो. त्यांचं गॅरेजही बुडालं होतं. ते चिखलात हात घालून एकेक पाना शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "सेल्फ मारू नका. बॅटरीची वायर काढून ठेवा. उद्या दुपारी येतो, सहाही नोझल काढतो, मग बघू." मी विचारलं, "गंज नाही का धरणार?" म्हणाले, "धरेल की. पण गंज घासता येतो, भाऊ."

त्या वाक्यात सगळं होतं. मला त्यातला फक्त गंज ऐकू आला.

संध्याकाळी 6 (उरले 16 तास)

ऑइलची कांडी ओढून पाहिली. ऑइल खुणेच्या वर चढलेलं, रंग दुधाच्या चहासारखा. इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरचा नट सोडला तर आधी बादलीभर पाणी आलं, मागून ऑइल. नवं ऑइल भरलं. डिझेलची टाकी रिकामी केली, फिल्टर बदलले, पंपातली हवा काढली. ही सगळी कामं बरोबरच होती. म्हणूनच आमची खात्री पटली, की पाणी निघालं. चेंबर पिस्टनच्या खाली असतो. पिस्टनच्या वर काय साचलंय हे त्या नटातून दिसत नाही.

24 जुलै, सकाळी 8.30 (उरला दीड तास)

वरच्या आळीतून कोरडी, भरलेली बॅटरी आणली. ड्रायव्हरने सेल्फ मारला. टक. इंजिन किंचित हललं आणि थांबलं. पुन्हा मारला. पुन्हा टक. "सेल्फ भिजलाय, शेठ," तो म्हणाला आणि मी मान डोलावली. दिवसभर पाण्यात राहिलेला सेल्फ बिघडणारच. पण तसाच आवाज अडलेल्या इंजिनाचाही असतो. फरक ओळखायला क्रँकच्या पुलीचा नट लांब पान्याने हाताने फिरवून पाहायचा. इंजिन दोन पूर्ण फेरे फिरलं नाही तर पुढे जायचं नाही. दोन मिनिटांचं काम. सेल्फ ताकदीने कमी पडला, म्हणून पिस्टनचा रॉड अजून सरळ होता. यंत्राने दिलेली ती शेवटची सूचना.

सकाळी 9.15 (उरली 45 मिनिटं)

धक्का स्टार्टसाठी ट्रॅक्टर मिळाला. हवेची टाकी रिकामी, म्हणून मागचे ब्रेक धरलेले. चिखलात झोपून, बोल्ट फिरवून ते सोडवले. तेवढ्या वेळात निदान तीन नोझल निघाले असते.

सकाळी 10

रस्सी ताणली. गाडी हलली, वेग धरला. तिसऱ्या गेअरला ड्रायव्हरने क्लच सोडला.

हिशेब साधा आहे. या इंजिनाचा सिलिंडर 97 मिलिमीटर रुंद, पिस्टनची चाल 128 मिलिमीटर; म्हणजे एका सिलिंडरमध्ये सुमारे 946 मिलिलिटर हवा येते. कॉम्प्रेशन साधारण 17 ला 1. पिस्टन पूर्ण वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरते ती जागा सुमारे 60 मिलिलिटरची, कटिंग चहाएवढी. हवा त्या जागेत दबून बसते. पाणी दबत नाही. त्याहून थोडं जास्त पाणी असलं, की पिस्टन वाटेतच भिंतीवर आदळल्यासारखा थांबतो. सेल्फ तिथे हार मानतो. मागून रेटणारा काही टनांचा ट्रक मानत नाही.

मोठा ठोका ऐकू आला आणि त्याच दमात इंजिन सुरू झालं. कोरडे सिलिंडर पेटले होते. पांढरा धूर उठला, गल्लीत लोकांनी टाळ्या वाजवल्या. खालून लोखंडावर घण पडावा तसा आवाज येत होता. मी हात वर करून ओरडलो, "बंद कर!" ड्रायव्हरला ऐकू जाईपर्यंत वाकलेला रॉड तुटला आणि ब्लॉकची भिंत फोडून बाहेर आला. नवं ऑइल चिखलात सांडलं.

त्यानंतर

मिस्तरी ठरल्याप्रमाणे दुपारी आले. ब्लॉकला पडलेली खिडकी पाहिली, काही बोलले नाहीत. पाच नंबरचा रॉड तुटलेला, पिस्टनचे तुकडे, क्रँकला मार. ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन, लायनर, बेअरिंग असं सगळं नवं घ्यावं लागलं. उरलेले पाच लायनर मी हात लावून पाहिले. गंजाची पातळ तांबूस झाक, तीही बोटाने पुसली जाणारी. विम्यात पुराने झालेलं नुकसान धरतात. पाणी गेलेलं इंजिन सुरू करण्याच्या खटपटीत ते मोडलं, तर साध्या पॉलिसीत सहसा काही मिळत नाही.

मिस्तरींनी त्या दुपारी काय केलं असतं ते मी पुढे दुसऱ्यांच्या गाड्यांवर पाहिलं. बॅटरी सोडायची. चेंबर रिकामा करायचा. एअर क्लीनर आणि सहाही नोझल काढायचे. पान्याने इंजिन हाताने फिरवायचं, मग सेल्फ मारायचा. नोझलच्या भोकांतून पाण्याचे फवारे हेडवर उडतात, म्हणून तोंड दूर ठेवायचं. पाणी संपून नुसती वाफट हवा आली की प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा फिरवायचं. नवं ऑइल, नवा फिल्टर, थोडा वेळ चालवून तेही बदलायचं, कांडीवरचा दुधी रंग जाईपर्यंत. गेअरबॉक्स आणि क्राउनचं ऑइल, चाकांचं ग्रीस तसंच. अर्ध्या दिवसात इंजिन बोलू लागतं.

आमच्या भिंतीवर आता दोन खुणा आहेत, 2005 ची आणि तिच्या वर 2021 ची. खाली खिळ्याला तो तुटलेला रॉड टांगला आहे. जुलै लागला की गल्लीतली पोरं विचारतात, हा पुरात मोडला का? मी त्यांना सांगतो, पुरात बुडाला होता. मोडला तो पूर ओसरल्यावर, ऊन पडलं होतं तेव्हा.