डफ टाकला, लावणी उरली : शाहीर राम जोशी

१/ कवीचेच मन आपल्या गाण्यांवरून उडाले, तर त्या गाण्यांचे काय होते? वैराग, बार्शी, सोलापूर या मुलखाला हे उत्तर घरातच सापडते. 🧵

२/ सोलापूरचे राम जोशी हे पेशवाईच्या उत्तरार्धातील शाहीर. घराणे वैदिक ब्राह्मणांचे, थोरले बंधू मुद्गल पुराणिक. रामाचा ओढा मात्र धोंडी शाहिराच्या फडाकडे. या नादापायी त्यांना घर सोडावे लागले.

३/ पंढरपुरी संस्कृताचे अध्ययन झाले, तरी डफ सुटला नाही. उलट ते पांडित्य लावणीत उतरले. मराठी, संस्कृत, कानडी आणि हिंदुस्थानी अशा चार भाषा त्यांनी एकाच लावणीत गुंफल्या.

४/ पुढे बारामतीच्या मोरोपंतांशी (१७२९–१७९४) गाठ पडली. त्यांच्या उपदेशाने राम जोशींनी डफ फोडला, अशी आख्यायिका आहे. डफ फुटला असो वा नसो, त्यांनी तमाशा सोडून कीर्तन धरले आणि पंतांच्या आर्या गावोगावी पोहोचवल्या.

५/ मात्र ज्या लावण्यांकडे त्यांनी पाठ फिरवली, त्या फडांतील गायकांनी कंठात जपल्या. १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट आला, तो कीर्तनकाराच्या नव्हे, शाहिराच्या नावाने.

६/ कवीला आपले गाणे नाकारण्याचा अधिकार असतो. परंतु ते एकदा लोकांच्या ओठी गेले, की परत मागता येत नाही. राम जोशींची लावणी टिकली, ती यामुळेच.