काचपेटीतले ऊन

जर्मनीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या वर्षी घरात प्रवाळांची काचपेटी मांडली. एक प्रखर दिवा आणला आणि पहिल्या दिवसापासून तो पूर्ण तेजाने जळत ठेवला. आठवड्याभरात प्रवाळ पांढरेफटक पडले. “मामा, एवढा उजेड देऊनही असे का व्हावे?” असे त्याने मला विचारले. मी काही प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. जुनी पुस्तके चाळावीत एवढाच माझा व्यासंग. उत्तरासाठी मी इतिहासात शिरलो, तेव्हा ध्यानात आले की त्याची चूक ही एका जुन्या चुकीचीच उलटी बाजू आहे.

घरात समुद्र ठेवण्याची हौस बळावली ती व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडात. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. दिवाणखान्यांच्या खिडक्यांत खाऱ्या पाण्याच्या टाक्या दिसू लागल्या. पण उन्हाने पाणी तापे, काचेवर हिरवे शेवाळ चढे. ऊन हे टाकीचे वैरी ठरले. डेव्हनच्या किनाऱ्यावरचा जो पेल्यासारखा प्रवाळ गॉसने पाहिला आणि पाळला, त्याला जगण्यासाठी उजेड लागतच नाही.

उष्ण समुद्रात प्रवाळांची बेटे बांधणाऱ्या प्रवाळाचे तसे नाही. त्याच्या देहात सूक्ष्म शैवाले बिऱ्हाड करून असतात. १९२८-२९ मध्ये मॉरिस याँग आणि त्याचे सहकारी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर राहिले. त्यांनी काही प्रवाळ अंधारात ठेवले. शैवाले बाहेर टाकली गेली, तरी खाणे मिळत होते तोवर प्रवाळ जगले. शैवाल प्रवाळाला जेवू घालीत नाही, असा निष्कर्ष याँगने काढला. तो टिकला नाही. १९५८ साली लेनर्ड मस्कॅटिन आणि कॅडेट हँड यांनी प्रवाळाच्याच गोतावळ्यातील समुद्रफुलावर प्रयोग केला. शैवालाने प्रकाशात घडवलेले द्रव्य यजमानाच्या देहात उतरते, हे त्यांनी किरणोत्सर्गी कार्बनने दाखवून दिले. प्रवाळांतही तेच चालते, हे पुढे सिद्ध झाले. प्रवाळ हा प्राणी खरा, पण त्याची बरीचशी रोजी उन्हावर आहे!

हे व्यवहारात आणले जकार्ताच्या ली चिन एंग याने. १९६१ साली त्याने आपली रीत लिहून प्रसिद्ध केली: समुद्रातले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश. जकार्तात ऊन फुकट. बर्लिनच्या हिवाळ्यात ते आणावे कोठून? तिथल्या डीट्रिख श्ट्यूबरसारख्या हौशी मंडळींनी टाकीवर मेटल हॅलाइडचे दिवे टांगले. एरवी क्रीडांगणे उजळणारे ते दिवे. त्यांच्या उजेडाखाली प्रवाळ नुसते तगले नाहीत, फांद्यांनी वाढले. श्ट्यूबरच्या टाकीतल्या फांद्या एका घरातून दुसऱ्या घरी गेल्या.

१९९३ मध्ये जपानात शूजी नाकामुराने तेजस्वी निळा एलईडी बनवला. पाण्यात तांबडा प्रकाश वरच्या वर विरतो, निळा खोल उतरतो. म्हणून हा रंग प्रवाळाला मानवतो. पण माणसाच्या डोळ्याला तो आहे त्याहून मंद भासतो, आणि जुन्या दिव्यासारखी त्याची आच हाताला लागत नाही. भाचा फसला तो इथेच. अतिप्रकाशात शैवाले प्रवाळाला विषारी होणारा प्राणवायू निर्माण करतात आणि प्रवाळ त्यांना घराबाहेर घालवतो. उरतो तो पांढरा सांगाडा आणि त्यावरचे उपाशी, पारदर्शक मांस.

मी त्याला कळवले, “दिवा निवडण्याआधी तुझा प्रवाळ समुद्रात किती खोल राहत होता ते विचार. प्रकाश डोळ्याने जोखू नकोस, मापकाने मोज. थोड्यावर सुरू कर आणि काही आठवडे घेऊन हळूहळू वाढव.”

खडकाच्या सावलीत राहिलेली एक फांदी त्याच्याकडे वाचली होती. परवा त्याचे पत्र आले: तिच्या टोकाला नवी वाढ दिसते आहे.