ध चा मा : दप्तर आणि रंगभूमी

‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मराठी माणूस कारकुनाच्या खाडाखोडीपासून शेजाऱ्याच्या चहाडीपर्यंत कोठेही सहज योजतो; परंतु त्यामागे शनिवारवाड्यातील एका रक्तलांछित दिवसाची स्मृती आहे. भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस, म्हणजे 30 ऑगस्ट 1773 रोजी, ऐन गणेशोत्सवात, थकलेल्या पगाराची कुरकूर पुढे करीत गारदी वाड्यात शिरले. 18 वर्षांच्या नारायणराव पेशव्यांनी चुलते रघुनाथराव यांच्या गळ्याशी मिठी घालून जिवाची भीक मागितली, चापाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर पालथा पडला, आणि दोघेही तेथेच कापले गेले. रघुनाथरावांच्या हुकमात ‘धरावे’ असे होते, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी त्याचे ‘मारावे’ केले, ही लोकवार्ता ग्रँट डफने 1826 साली आपल्या इतिहासात नोंदविली. मात्र तो अस्सल कागद कोणत्याही दप्तरातून उजेडात आलेला नाही.

ऐतिहासिक नाटक लिहिणाऱ्याचे भाग्य आणि त्याची कसोटी ही दोन्ही अशाच न सापडलेल्या कागदात असतात. जेथे दप्तर बोलते तेथे नाटककाराने मान लवविली पाहिजे. जेथे ते मौन धरते तेथे त्याच्या प्रतिभेचा अंमल सुरू होतो. परंतु मौनाची हद्द कोठे लागते हे दप्तर शेवटपर्यंत वाचल्यावाचून कळत नाही, आणि आपल्या रंगभूमीचा इतिहास हा पुष्कळ अंशी ही हद्द हळूहळू उमगत गेल्याचा इतिहास आहे.

विनायक जनार्दन कीर्तने यांनी 1861 साली ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले, तेव्हा पौराणिक आख्यानांना सरावलेल्या मराठी प्रेक्षकापुढे नव्वदच वर्षांपूर्वी थेऊरला क्षयाने मरण पावलेला पेशवा आणि त्याच्यामागे सती गेलेली रमाबाई उभी राहिली. त्या काळी ऐतिहासिक पत्रव्यवहाराचे रुमाल सरकारी कोठारांत आणि सरदारांच्या वाड्यांत बांधलेलेच पडून होते. तेव्हा नाटककाराने बखरीवर व लोकांच्या आठवणीवर विसंबावे, यात त्याचा दोष नव्हता. पुढे 1898 साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि 1930 पासून सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 भाग संपादिले. नाटककाराची जुनी सबब अशी एकेका खंडाबरोबर क्षीण होत गेली.

संशोधनाची आणि नाटकाची अशा दोन्ही वाटा एकाच माणसाने चालून दाखविल्या, तो माणूस मिरजेचा. वासुदेवशास्त्री खरे यांनी शाळेत शिकवावे, पटवर्धनी दप्तरातील मोडी पत्रे उकलून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध करावा, आणि त्याच हाताने ‘गुणोत्कर्ष’ व ‘शिवसंभव’ यांसारखी नाटकेही लिहावीत, हा योग विरळा होय. संशोधकाला कल्पना वर्ज्य आणि कवीला कागद निषिद्ध, असा जो भेद आपण मानतो, तो निदान त्यांच्या घरात नव्हता.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी मौनाचा लाभ कसा घेतला, हे ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या नाटकात पाहावे. सवाई माधवराव 25 ऑक्टोबर 1795 रोजी वाड्याच्या सज्जावरून खाली पडले व दोन दिवसांनी वारले, इतके निश्चित. तो ज्वराचा भ्रम होता की नाना फडणिसांच्या करड्या देखरेखीला कंटाळलेल्या 21 वर्षांच्या जिवाचा निश्चय, याविषयी मतभेद आहेत. त्या रिकाम्या जागेत खाडिलकरांनी हॅम्लेटची व्याकुळता आणि इयागोच्या वळणाचा एक कल्पित केशवशास्त्री आणून बसविला. घटना जशीच्या तशी राहिली, तिचे कारण कवीने दिले. हा व्यवहार मला न्याय्य वाटतो.

नारायणरावांच्या वधावरील खाडिलकरांच्याच ‘भाऊबंदकी’त मात्र प्रश्न अधिक नाजूक होतो. 1909 साल, टिळक मंडालेच्या तुरुंगात, काँग्रेसमधील सुरतेच्या फुटीची जखम ओली. अशा वेळी घरच्या कलहाने बुडालेल्या राज्याची कथा प्रेक्षकांनी आपलीच म्हणून ऐकली. पेशव्याच्या चुलत्याला देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री हे खरोखरीच इतिहासाचे देणे होते, तेथे नाटककाराला भर घालण्याचे कारण नव्हते. आनंदीबाईंचे तसे नाही. केशवराव दाते यांनी ती भूमिका अशी गाजविली की लोकवार्तेतला संशय रंगमंचावर निवाडा होऊन बसला. दप्तराच्या मौनात कवीला शिरता येते. पण तेथे जी मृत व्यक्ती तो गुन्हेगार म्हणून उभी करतो, तिला कैफियत मांडण्यास दुसरे न्यायासन उरत नाही.

संभाजीराजांनी हे फार काळ सोसले. मल्हार रामराव चिटणीसांनी बखर लिहिली ती राजांच्या वधानंतर सुमारे 120 वर्षांनी, आणि ज्या बाळाजी आवजींना राजांनी देहदंड दिला होता त्यांच्याच वंशात चिटणीस जन्मले होते. त्या परंपरेतून आलेला विलासी, उच्छृंखल राजा 1919 साली दिवंगत झालेल्या गडकऱ्यांच्या अपुऱ्या ‘राजसंन्यासा’तही वावरतो. वा. सी. बेंद्रे यांचे साधार चरित्र 1960 साली प्रसिद्ध झाले, आणि 2 वर्षांनी कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकात पिता व पुत्र यांतील ताण दोघांनाही न्याय देऊन रंगला. सत्य जवळ आले म्हणून नाट्य उणावले नाही. उलट दोन्ही बाजूंना वजन आल्यामुळे ते अधिक घट्ट झाले.

म्हणून आनंदीबाईंवर पुन्हा कोणी लेखणी चालविणार असेल, तर त्याने हुकमातील त्या अक्षरापाशी न थांबता पुढील दोन वर्षांचे कागद वाचावेत, अशी माझी विनंती आहे. विरोधी कारभाऱ्यांच्या, म्हणजे बारभाईंच्या, फौजांपुढे पती देशोधडीस लागला असता, जानेवारी 1775 मध्ये, धारच्या किल्ल्यात ही स्त्री प्रसूत झाली. ते मूल म्हणजे मराठी राज्याचा शेवटचा पेशवा, दुसरा बाजीराव. या प्रवेशासाठी कागदातील एकही अक्षर बदलावे लागत नाही; त्या किल्ल्यात, पाळण्याशेजारी, तिच्या मनात काय चालले होते एवढेच दप्तराने लिहून ठेवलेले नाही, आणि ते लिहिणे हेच नाटककाराचे काम आहे.