प्राणिचुंबकत्व

सजीवांच्या शरीरातून एक सूक्ष्म द्रव वाहतो, त्याच्या प्रवाहात अडथळा आला म्हणजे रोग उद्‌भवतो आणि चिकित्सकाच्या हस्तस्पर्शाने वा नुसत्या हातवाऱ्यांनी तो प्रवाह पूर्ववत करता येतो, अशी अठराव्या शतकातील एक उपपत्ती. तिचा प्रवर्तक फ्रान्झ आंटोन मेस्मर (१७३४–१८१५) हा व्हिएन्ना येथील वैद्य. १७७४ मध्ये त्याने एका रुग्ण स्त्रीवर लोहचुंबकांचा प्रयोग केला. पुढे चुंबक वगळूनही तसाच परिणाम दिसू लागला, तेव्हा ही शक्ती आपल्या देहातच आहे, असे त्याने ठरविले. परिणामाचे मूळ रुग्णाच्या अपेक्षेत असू शकेल, हा विचार त्याने केलेला दिसत नाही.

१७७८ मध्ये तो पॅरिसला आला व तेथे त्याला अमाप लोकप्रियता लाभली. अखेर १७८४ मध्ये सोळाव्या लुईने चौकशी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँक्लिन, लव्हॉयझर, बाय्यी व गीयोतँ ही मंडळी होती. मेस्मरने सहकार्य नाकारल्यामुळे त्याचा शिष्य देस्लाँ ह्याच्या प्रयोगांची परीक्षा करण्यात आली. रोग आपोआपही बरे होतात, म्हणून ते बरे होतात की नाही ह्यापेक्षा तो द्रव अस्तित्वात आहे काय, एवढाच प्रश्न आयोगाने मुख्यतः हाती घेतला. फ्रँक्लिनच्या बागेत देस्लाँने जर्दाळूचे एक झाड ‘चुंबकित’ केले आणि डोळे बांधलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाला क्रमाने चार भलत्याच झाडांपाशी नेण्यात आले. पहिल्याच झाडाशी त्याला घाम फुटला. चौथ्याशी तो मूर्च्छित पडला. खरे झाड तेथून सु. २४ फूट दूर होते. उघड्यावरील सर्वच झाडे निसर्गतः चुंबकित असतात, असा खुलासा देस्लाँने केला. मग बागेत फिरणे कोणालाच शक्य झाले नसते, असे त्यावर आयोगाने म्हटले. दुसऱ्या एका स्त्रीवर तिच्या नकळत अर्धा तास केलेल्या क्रियेचा काहीच परिणाम झाला नाही. तिला जाणीव होताच मात्र काही मिनिटांत झटके येऊ लागले. द्रवाचा पुरावा नाही व परिणाम कल्पनाशक्तीचे आहेत, असा निर्णय आयोगाने दिला. वैद्यकीय संस्थेच्या समांतर समितीतील वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूस्यू ह्याने मात्र स्पर्श व शारीर उष्णता ह्यांचा प्रभाव शक्य मानणारा वेगळा अहवाल लिहिला.

ही प्रथा तरीही संपली नाही. बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल ह्याने १८४५ पासून ह्या पद्धतीने रुग्णांना बधिर करून शस्त्रक्रिया केल्या. इंग्लंडमध्ये जेम्स ब्रेडने १८४३ मध्ये द्रवकल्पना टाकून देऊन संमोहनाचा अभ्यास पुढे नेला.

विसाव्या शतकात वादाला नवे रूप आले. हृदयाचे चुंबकीय क्षेत्र १९६३ मध्ये प्रथम मोजले गेले, त्यामुळे शरीराला विद्युत्‌चुंबकीय क्षेत्र आहे ह्याविषयी शंका उरली नाही. पण ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या सु. दशलक्षांश इतके क्षीण असून अंतराबरोबर वेगाने घटते. हाताने ते जाणवण्याची वा बदलण्याची यंत्रणा दाखविता आलेली नाही. १९७० नंतर अमेरिकेत डोलोरेस क्रीगर व डोरा कुंझ ह्यांनी परिचारिकांत रूढ केलेली ‘स्पर्शचिकित्सा’ अशाच क्षेत्रावर विसंबते. एमिली रोझा हिने वयाच्या नवव्या वर्षी आरंभिलेला प्रयोग १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तीत २१ चिकित्सकांनी पडद्याआडून पुढे केलेल्या आपल्या दोन हातांपैकी कोणत्या हाताजवळ तिचा हात आहे, हे ओळखायचे होते. २८० चाचण्यांत १२३ उत्तरे, म्हणजे ४४%, बरोबर आली. केवळ अंदाजाने ५० टक्के अपेक्षित होती. ही परीक्षा क्षेत्र जाणण्याची होती, रोगनिवारणाची नव्हे, असा आक्षेप समर्थकांनी घेतला.