चॉकलेटच्या फेसाची कुळकथा

थंडी पडली की रात्री जेवणं उरकल्यावर आमच्याकडे गॅसवर पुन्हा दुधाचं पातेलं चढतं आणि मी कप्प्यातून लहान रवी काढते. ताकाची वेगळी, ही फक्त चॉकलेटसाठी. दुधात काळं चॉकलेट विरघळलं की रवीचा दांडा दोन तळव्यांत धरून घुसळायचं. बघता बघता वर तपकिरी फेस धरतो. घरात ब्लेंडर असताना हे कशाला, असं पाहुणे विचारतात. रवीने फेस माझ्या हातात राहतो, हे एक कारण. दुसरं कारण सांगायचं तर दीड हजार वर्षं मागे जावं लागतं.

ग्वातेमालाच्या रानात रिओ असूल नावाचं माया लोकांचं जुनं शहर आहे. तिथे १९८४ साली पाचव्या शतकातली एक कबर सापडली. चोरांचा हात न लागलेली. आतल्या भांड्यांत एक मडकं होतं, आपल्या फिरकीच्या डब्यासारखं झाकण फिरवून लावायचं. त्यावरच्या चित्रलिपीत ‘ककाव’, म्हणजे कोको, हा शब्द वाचता आला. आतल्या वाळलेल्या थराची तपासणी हर्शी या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत झाली, तेव्हा त्यात थिओब्रोमीन आणि कॅफीन निघालं. मेलेल्या माणसाच्या पुढच्या प्रवासासाठी कोणीतरी कोकोचं पेय भरून ठेवलं होतं.

फेसाचा पुरावा मात्र दुसऱ्या भांड्यावर आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात माया लोकांचं एक रंगवलेलं उभट भांडं आहे. त्यावर एक स्त्री उभ्याने एका भांड्यातली धार खाली ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात सोडते आहे. आपण पोळणारं दूध वरखाली करतो, अगदी तसं. आपण दूध निवावं म्हणून करतो, तिला मात्र फेस हवा आहे. आज गल्लोगल्ली मिळणाऱ्या हॉट चॉकलेटची खरी मूळपुरुष म्हणा किंवा मूळस्त्री म्हणा, मला तीच वाटते.

फेसाची एवढी मातब्बरी का, ते कोकोच्या बीमध्ये दडलं आहे. बीच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग स्निग्धांश असतो, शेंगदाण्यासारखाच. शेंगदाणे वाटत राहिलं की कूट तेलकट होऊन गोळा धरतं. कोकोचंही तेच. भाजलेल्या बिया ‘मेताते’वर वाटत. हा तिथला पाटा, तीन पायांचा आणि किंचित उतरता, वर दोन्ही हातांनी ओढायचा दगडी वरवंटा. चित्र पाहताना आजीच्या अंगणातला पाटा-वरवंटाच आठवतो. पाट्याखाली निखारे ठेवले की स्निग्धांश वितळतो आणि बियांचा काळसर, चकाकता लगदा होतो. आता हा लगदा पाण्यात कालवा. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत. वर तवंग, खाली गाळ. दोघांना एकत्र आणायचं तर हाताला काम हवं. म्हणजे उंचावरून ओतणं, घुसळणं. फेस वर आला याचा अर्थ पेय नीट जमलं.

मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांनी या बियांचं चलन केलं. त्यांच्या नाहुआत्ल भाषेतल्या १५४५ सालच्या एका कागदात बाजारभाव आहेत: मोठ्या टोमॅटोला एक बी, ताज्या अव्होकाडोला तीन, टर्कीच्या चांगल्या मादीला शंभर. तेव्हा कोको पिणं म्हणजे खिशातली नाणीच वाटून पिणं! त्यात मिरची, व्हॅनिला, सुगंधी फुलं घालत, कधी मक्याचं पीठही. साखर तिथे नव्हतीच.

१५४४ साली ग्वातेमालातल्या केक्ची माया सरदारांना डॉमिनिकन पाद्री स्पेनला राजपुत्र फिलिपच्या भेटीला घेऊन गेले. नजराण्यात घुसळलेलं चॉकलेट होतं. पुढे स्पॅनिशांनी ते कढत प्यायला घेतलं, त्यात साखर आणि दालचिनी घातली आणि उंचावरून ओतण्याऐवजी ‘मोलिनियो’ हाती धरली. ही लाकडी रवीच. टोकाला कोरलेलं बोंड, दांड्यावर सैल कड्या, फिरवायची दोन तळव्यांमध्ये. भांड्याच्या झाकणाला भोक असतं, त्यातून दांडा बाहेर येतो. मेक्सिकोच्या स्वयंपाकघरांतून ती आजही आहे. माझ्या रवीशी तिचं रक्ताचं नातं नाही, पण दोघींचं काम एकच: जे आपणहून मिसळत नाही ते तळव्यांच्या जोरावर मिसळायचं.

कोल्मेनेरो दे लेदेस्मा या स्पॅनिश वैद्याने १६३१ साली चॉकलेटवर पुस्तक लिहिलं. त्यातल्या कृतीत शंभर बिया, दोन मिरच्या, बडीशेपेच्या जातीचं ॲनिस, व्हॅनिलाची शेंग, दालचिनी, बारा बदाम, तितकेच हेझलनट आणि अर्धा पौंड साखर आहे. आपल्याला हा मसाला ओळखीचा वाटतो, कारण मसाला दुधाचं शास्त्रही याहून फार वेगळं नाही. आणखी एक गोष्ट आपल्या घरची वाटेल. हे उपवासाला चालतं का, यावर कॅथलिक धर्मपंडितांचा वाद अनेक वर्षं चालला. शेवटी कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी मांडलं की द्रवाने उपवास मोडत नाही.

मग १८२८ साल उजाडलं. ॲमस्टरडॅमच्या व्हान हौटन बापलेकांनी दाबयंत्राने कोकोतला निम्म्याच्या आसपास स्निग्धांश पिळून काढला. उरलेल्या पेंडीची भुकटी केली आणि तिला क्षाराची प्रक्रिया दिली, म्हणजे ती पाण्यात सहज पसरते, रंग गडद होतो, तुरटपणा कमी होतो. घुसळायची गरजच संपली. पिळून काढलेलं कोको बटरही वाया गेलं नाही. पुढे ते जास्तीचं घालूनच खायच्या वड्या होऊ लागल्या. फ्राय या इंग्लिश कंपनीची वडी १८४७ सालची. दोन हजारांहून जास्त वर्षं प्यायली गेलेली वस्तू अशी खाऊ झाली, आणि पेय डब्यातल्या पुडीत गेलं.

आपल्याकडे चॉकलेट आलं ते या फाटाफुटीनंतर. म्हणून आपल्या पिढ्यांनी खाऊला सरसकट ‘कॅडबरी’ म्हटलं आणि पेय म्हणून ओळखली दुधात ढवळायची भुकटी. भुकटीला मी नावं ठेवत नाही. तिच्यामुळे चॉकलेट गरिबाच्या कपापर्यंत पोचलं. पण हिवाळ्यात जिभेवर रेंगाळणारं दाट चॉकलेट हवं असेल तर व्हान हौटननी काढून घेतलेलं परत घालायला हवं. सायीचं दूध, क्रीम, खरं काळं चॉकलेट हे सगळं त्यासाठीच.

इटलीतल्या तुरीन शहराने हे केव्हाच ओळखलं. तिथल्या ‘बिचेरिन’मध्ये खाली दाट चॉकलेट, मध्ये कडक कॉफी, वर क्रीम. ढवळायचं नाही, गार क्रीममधून कढत घोट ओढायचा. बिचेरिन म्हणजे तिथल्या बोलीत छोटा ग्लास. ज्या कॅफेचं नाव त्यावरून पडलं ते १७६३ पासून आहे. कॉफीसाठी आपल्या फिल्टरचं डिकॉक्शन उत्तम चालतं.

माझं माप दोन कपांना ४०० मिली सायीचं दूध आणि ८० ग्रॅम काळं चॉकलेट. वेष्टनावर कोको बटर लिहिलेलं बघून घ्या. स्वस्त ‘कंपाउंड’ वडीत त्याऐवजी दुसरंच वनस्पती तेल असतं. चॉकलेट बारीक चिरून अर्ध्या वाटी गरम दुधात मंद आचेवर विरघळवायचं. चमचाभरच दूध घातलं तर ते आखडून दाणेदार होतं, तेव्हा हात आखडू नये. गुळगुळीत झालं की बाकीचं दूध, चिमूटभर मीठ, दालचिनीचा तुकडा. उकळी फुटायच्या आत गॅस बंद.

मग रवी. सुरुवातीला तिचा आवाज पाणचट, खळखळता असतो. फेस धरू लागला की तो बसका होत जातो आणि दांडा तळव्यांना जड लागतो. आवाज पुरता बसला की लगेच कपात ओतायचं, जरा उंचावरून.